सोलापुरात दारू सोडणाऱ्यांची मीटिंग शोधताना

माझी पहिली मीटिंग पत्त्यामुळे हुकली. वहीच्या फाटक्या कागदावर कुणीतरी लिहून दिलेला पत्ता घेऊन मी संध्याकाळी साडेसहाला एका शाळेच्या फाटकाशी पोचलो. आत दहावीचा क्लास चालू होता. वॉचमन म्हणाला, "ते दारूवाले होय? ते गेले की मालक, वर्ष झालं." 'दारूवाले' हा शब्द त्यानं इतक्या मोठ्यानं उच्चारला की समोरच्या पानपट्टीवरची चार डोकी वळली. मी तिथून सटकलो आणि वाटेतल्या पहिल्या परमिट रूममध्ये शिरलो. पुढची मीटिंग सापडायला मला सात महिने लागले. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

खाली माझं नाव नाही. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, या मीटिंगा भरवणाऱ्या, दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे तिनं स्वतःसाठी आखलेल्या नियमांपैकी, अकरावी सांगते की छापून येणाऱ्या गोष्टीत सदस्यानं आपली ओळख देऊ नये. आधी यंत्रमागावर जॉबर होतो, आता टॉवेलच्या कारखान्यात आहे, एवढी ओळख पुरे.

आपण त्यातले आहोत का?

मी दहा वर्षं या प्रश्नावर काढली. "मी रोज पितो, पण कामाला दांडी नाही." "मी फक्त इंग्लिश पितो, देशीला हात लावत नाही." हिशेब मांडायला दारुड्याइतका हुशार माणूस नाही. डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात, ते स्वतःलाच विचारून बघा. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलंय का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? प्यायल्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावेत किंवा डोकं हलकं व्हावं म्हणून कधी घेतलीय का? दोनांना 'हो' आलं तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. माझी चारही उत्तरं 'हो' होती. चौथ्याला मी "कधीतरी" म्हणालो होतो, तेही खोटं.

आणि खरं तर मीटिंगला जायला एवढंही सिद्ध करावं लागत नाही. तिसरी परंपरा म्हणते, सभासद व्हायला एकच अट, दारू थांबवण्याची इच्छा. थांबलेलीच असली पाहिजे असं कुणी म्हणत नाही.

आधी शरीराचं बघा

ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि नाईन्टी पोटात गेली की थांबतात, त्यानं हा भाग गाळू नये. मीटिंगच्या उत्साहात "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भास सुरू होतात. भिंतीवर मुंग्या चालताना दिसतात, गेलेली माणसं कोपऱ्यात येऊन बसतात, तारीख-वार कळत नाही, ताप येतो, माणूस अंथरूण ओढत राहतो. आपल्याकडे घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋषाकडे नेतात. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाही झाले तर यात जीव जातो.

म्हणून रोज पिणाऱ्यानं आधी डॉक्टर गाठावा. सोलापुरात सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'सिव्हिल', म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढताना 'मानसोपचार' म्हणायचं. लाज वाटत असेल तर हळू म्हणा, पण म्हणा. नाहीतर पोटदुखीच्या रांगेत उभे राहाल आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन परत याल. मी दोनदा तसाच परत आलो.

डॉक्टरला आकडा खरा सांगा. दोन क्वार्टर म्हणजे 360 मिली. "थोडी घेतो" म्हणून औषधाचा डोस ठरत नाही. हातभट्टी असेल, शिंदी असेल, सोबत झोपेच्या गोळ्या असतील, तर तेही सांगा. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली तरी आधी "मी रोज पितो" एवढं बोलाच. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. "सलाईन लावली की बरं वाटेल" हा आपला लाडका समज आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. फिट आली, बरळणं सुरू झालं, तर 108 ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. अशा वेळी मीटिंग थांबू शकते.

इथंच घरच्यांसाठी एक. 'त्याला न कळता भाजीत कालवायचं औषध' म्हणून जे विकतात, ते चुकूनही देऊ नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस नकळत वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधड होते, प्रसंगी मृत्यूही येतो. तेच औषध डॉक्टर माणसाला नीट सांगून, त्याच्या मर्जीनं देतात तेव्हा अनेकांना उपयोगी पडतं.

तीन वेगळ्या गोष्टी, ज्यांची लोक खिचडी करतात

रुग्णालयात शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवतात. व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे राहायचं असतं. मीटिंगला संध्याकाळी तास-दीड तास जायचं आणि घरी जेवायला यायचं. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की मी संध्याकाळी इंजेक्शन घ्यायला जातो.

केंद्रात राहायचं असेल तर पुण्याच्या येरवड्यातलं मुक्तांगण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली ते सुरू केलं. पण केंद्र कुठलंही असो, आधी स्वतः जाऊन बघा. रात्री जीप पाठवून माणसाला उचलून नेणारी, हात-पाय बांधणारी 'केंद्रं'ही बाजारात आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे. दारूच्या व्यसनाचा आजार त्या कायद्याच्या कक्षेत येतो. ओळखीतल्या एकाला बायकोनं असं उचलून नेऊ दिलं. तो परत आला तेव्हा दारूपेक्षा बायकोवरचा राग मोठा होता, आणि दारू तर होतीच.

मीटिंग फुकट असते, एवढं इथंच सांगून टाकतो. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरीही नाही. शेवटी एक डबा किंवा टोपी फिरते, त्यात सदस्य दहा-वीस रुपये टाकतात. त्यातून हॉलचं भाडं आणि चहा निघतो. नव्या माणसानं टाकू नये असंच सांगतात. बाहेरच्या कुणाचे पैसे घेत नाहीत, ही सातवी परंपरा. आमच्या ग्रुपला एकदा भावी नगरसेवक भेटायला आले. पन्नास खुर्च्या देतो म्हणाले, फक्त फाटकावर फोटोसकट छोटासा बॅनर लावू द्या. आम्ही नको म्हटलं. सोलापुरात फोटोवाला बॅनर नाकारलेला पाहून ते जरा हबकलेच.

आता प्रत्यक्ष शोध

पत्ते इथं मुद्दाम देत नाही. ग्रुप कुठं शाळेच्या वर्गात, कुठं चर्चच्या हॉलमध्ये, कुठं समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर भरतात. शाळेला परीक्षा आली, हॉलला लग्न लागलं की जागा हलते. छापलेला पत्ता जुना होतो आणि मग माझ्यासारखं दहावीच्या क्लासमध्ये उभं राहावं लागतं. पत्ता त्याच आठवड्यात, जिवंत माणसाकडूनच घ्यावा.

पहिला रस्ता एएचं भारतातलं जनरल सर्व्हिस ऑफिस. ते मुंबईत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांची आणि संपर्काची माहिती मिळते. फोनवर शोधताना 'एए' एवढंच टाकू नका, भलतंच काही येतं. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पूर्ण नाव टाका आणि पुढं 'भारत'. सोलापूर सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर पुणे किंवा मुंबईचा नंबर लावा आणि "सोलापूरच्या माणसाशी जोडून द्या" म्हणा. यात संकोच नको. हे लोक एकमेकांना ओळखतात, आणि नव्या माणसाचा फोन आला की त्यांना पोरगं पास झाल्यासारखा आनंद होतो.

दुसरा रस्ता सरकारी फोनचा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, नंबर 14446. मनाची अवस्था फार बिघडली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली मानस 14416. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. 14446 वर उपचार केंद्राचीच माहिती आधी देतील. तुम्ही "मला मदतगटाची मीटिंग हवी आहे" असं स्पष्ट म्हणा.

तिसरा रस्ता सिव्हिलचा. मानसोपचारच्या ओपीडीतल्या समुपदेशकाला किंवा सामाजिक कार्यकर्त्याला विचारा. "डॉक्टर, एएचा कुणी माणूस माहीत आहे का?" एवढं वाक्य पुरतं. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असाल तर त्यांनाही हेच विचारा. केंद्रातून बरी होऊन आलेली माणसंही चांगली वाटाडी असतात. गल्लीत कुणीतरी असतोच, जो दोन वर्षांपूर्वी गटारीला पहिल्या नंबरवर असायचा आणि आता लग्नात फक्त सोडा पितो. त्याला एकटं गाठून विचारा. तो नाही म्हणणार नाही.

फोन लागला की पलीकडचा माणूस बहुधा विचारेल, "स्वतःसाठी का घरच्या कुणासाठी?" खरं सांगा. "मित्रासाठी" म्हणणारे आम्ही आवाजावरून ओळखतो, पण हसत नाही. मग एवढं विचारून घ्या. कुठल्या वारी, किती वाजता? आज नक्की आहे ना? जागेची खूण काय, जिना कुठल्या बाजूनं, फाटक पुढचं का मागचं? मीटिंग ओपन आहे का क्लोज्ड? ओपनला घरचे, डॉक्टर, कुणीही बसू शकतं. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे तो. बोलतात कुठल्या भाषेत? सोलापुरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्व भागातला माणूस घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कन्नड, तिसरा दखनी. मीटिंग बहुधा मराठी-हिंदी मिसळून चालते, आणि अडलं तर माणूस आपल्या भाषेत बोलतो. एक आजोबा संपूर्ण तेलुगूत बोलले होते. मला शब्द कळला नाही, पण कुठं पडले आणि कोण उचलायला आलं ते सगळं कळलं.

आणि शेवटचा प्रश्न: "मला कुणी न्यायला येईल का?" हा विचाराच. बहुतेक वेळा उत्तर येतं, डफरीन चौकात थांबा, नाहीतर सात रस्त्याला थांबा, मी टू-व्हीलरवर येतो.

पिऊन फोन केला तरी चालतं. फक्त जे सांगतील ते कागदावर लिहून ठेवा. मी दोनदा फोन केला होता असं मला पुढं त्या माणसानं सांगितलं. मला एकदाच आठवतो.

"कुणी बघितलं तर?"

नव्या माणसाचं खरं घोडं इथं अडतं. पत्ता मिळतो, वेळ मिळते, आणि तो फाटकासमोरून तीनदा स्कूटर घेऊन जातो. सोलापूर म्हणायला महानगर, पण नवी पेठेत शर्ट घ्यायला गेलं तरी दोन सोयरे भेटतात. मग "कुठं चाललास बे?" ला काय उत्तर द्यायचं?

मी असा विचार केला. भर चौकातल्या बारमधून मला धरून रिक्षात घालताना सगळ्या पेठेनं पाहिलं होतं. मेहुण्याच्या हळदीत मी मांडवाचा खांब पाडला, त्याचा व्हिडिओही आहे. लपवायचं तरी काय राहिलं होतं? तरीही पहिल्या दिवशी मी डोक्यावर टोपी आणि तोंडाला रुमाल बांधून गेलो. आत पहिल्याच खुर्चीवर आमच्या कारखान्यातला फोल्डिंग खात्यातला माणूस बसलेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग तो सरकून म्हणाला, "या मालक. उशीर केलात." कारखान्यात त्यानं हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि मीही नाही.

इथं जे ऐकलं, ज्याला पाहिलं, ते इथंच ठेवायचं, असं प्रत्येक मीटिंगला सांगतात. तरीही एक शहाणपण ठेवा. तो कोर्टातल्या वकिलासारखा कायद्यानं बांधलेला गुप्तपणा नाही, माणसांचा शब्द आहे. पोलिस केस, मालमत्तेचं भांडण असलं काही पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये उघडू नका.

आत काय होतं

पंधरा मिनिटं आधी जा, म्हणजे सगळ्यांच्या नजरा वळवत आत शिरावं लागत नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बारा पायऱ्या (दारूतून सुटायला सदस्यानं एकेक करून करायच्या गोष्टी) आणि बारा परंपरांचे फलक, कोपऱ्यात थर्मास. कुठं दहा माणसं असतात, कुठं चार. एक जण मीटिंग चालवतो, तो अध्यक्ष नसतो, पुढच्या वेळी दुसरा असतो. थोडा वेळ शांतता, प्रार्थना, पुस्तकातला एखादा उतारा वाचतात. एएचं साहित्य मराठीत मिळतं, तिथंच टेबलावर ठेवलेलं असतं. मग एकेक जण बोलतो. "मी अमुक, मी मद्यपी आहे" म्हणतो, आणि आधी कसं होतं, काय झालं, आता कसं आहे, ते सांगतो. याला शेअरिंग म्हणतात.

मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, "तू असं करायला नको होतं" म्हणत नाही. आपल्या घरात, कारखान्यात, सासुरवाडीत ज्याला आयुष्यभर फक्त सल्लेच मिळालेत, त्याला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. नवा माणूस बोलला नाही तरी चालतं. "मी आज फक्त ऐकतो" म्हणायचं. ऐकताना मात्र एक करा. समोरचा आपल्यापेक्षा कुठं वेगळा आहे हे शोधत बसू नका. तो हातभट्टी प्यायचा, मी व्हिस्की. त्याची नोकरी गेली, माझी आहे. असं मोजत बसलात तर सुटका नाही, मी पहिल्या चार मीटिंगा त्यातच घालवल्या. पाचव्या मीटिंगला एक जण म्हणाला, पाण्याच्या टाकीत बाटली लपवताना हात ओला व्हायचा, म्हणून बायकोला कळायचं. माझीही टाकीतच असायची.

मीटिंग संपल्यावर पळू नका. चहाच्या दहा मिनिटांत खरं काम होतं. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि रात्री त्यातल्या एकाला उगाच फोन करा, "पोचलो घरी" एवढं सांगायला. गरज पडेल तेव्हा लावू म्हटलं, तर गरजेच्या वेळी नंबर दाबायला बोट उठत नाही, सवय आधी लागावी लागते. पुढं यातलाच एखादा जुना सदस्य तुमचा स्पॉन्सर होईल, पायऱ्या करायला तो मदत करेल. घाई नाही. पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाई स्पॉन्सर घ्यावी, हा रिवाज शहाणपणाचा आहे.

एका मीटिंगवर निकाल लावू नका. सहा तरी बघा, आणि जमलं तर दोन वेगळ्या ग्रुपमध्ये. जुने लोक 90 दिवसांत 90 मीटिंगा सांगतात. जिथं रोज मीटिंग नाही, तिथं मधल्या दिवशी ऑनलाइन बसतात. 2020 च्या लॉकडाऊनपासून फोनवरच्या मीटिंगा खूप वाढल्या. बार्शी, मंगळवेढा, करमाळ्याकडच्या माणसाला एसटीच्या वेळा बघून कसरत करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा शहरात आणि बाकी दिवस मोबाइलवर, हे झेपतं. पण सुरुवातच मोबाइलवर करून तिथंच राहू नका. कॅमेरा बंद ठेवून माणूस ग्लास हातात घेऊनही बसू शकतो. मला ठाऊक आहे.

देवाचं काय

बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, "आम्हाला उमजलेला देव" अशा शब्दांत. यावरून दोन्हीकडचे लोक बिचकतात. एक म्हणतो, मी नास्तिक, मला भजनात बसवतील. दुसरा म्हणतो, हे ख्रिश्चनांचं आहे, शिवाय चर्चच्या हॉलमध्ये भरतं. एएची सुरुवात अमेरिकेतली, 1935 साली अ‍ॅक्रन गावात, न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तिथला एक सर्जन या दोन दारुड्यांपासून. भारतात ती 1957 मध्ये आली. पण तिथं धर्म शिकवत नाहीत. आमच्यात सिद्धरामेश्वराला रोज जाणारा आहे, पाच वेळा नमाज पढणारा आहे, बाबासाहेबांचा फोटो खिशात ठेवणारा आहे. एकाची 'उच्च शक्ती', म्हणजे देवाच्या जागी मानलेली शक्ती, हा ग्रुपच, कारण, तो म्हणतो, "मला एकट्याला जमलं नाही ते या दहांना जमलं."

माळेबद्दलही लोक विचारतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि माळ घालून दारू सुटलेले माळकरी प्रत्येक गावात आहेत. सुटत असेल तर घाला. माझी तीन वेळा तुटली. चौथ्यांदा घालायला महाराजांपुढं उभं राहायची लाज वाटली, तेव्हा मीटिंगला आलो. माळ आणि मीटिंग दोन्ही सांभाळणारे दोघं आमच्या ग्रुपमध्ये आहेत, त्यांचं चांगलं चाललंय.

आणि ज्याला फक्त पुरावा हवा त्याच्यासाठी: 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास आणि 10,565 माणसांची माहिती एकत्र तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार हे इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे किंवा सरस निघाले. औषध चालू असेल तर ते मात्र मीटिंगमधल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. तसं सांगणारा एखादा भेटतोच. औषधाचं डॉक्टरशीच बोला.

घरच्यांसाठी, आणि बायांसाठी

बायको, आई, मुलं यांच्यासाठी वेगळी संघटना आहे, अल-अनॉन. तिथं नवऱ्याला कसं सोडवायचं हे शिकवत नाहीत, त्याच्या दारूभोवती आपण आपलं आयुष्य कसं गुंडाळून ठेवलंय ते उलगडतात. माझी बायको विड्या वळायची. हजार विड्यांच्या मजुरीतले पैसे मी कुठून काढतो हे शोधण्यात तिचा अर्धा जीव जायचा. ती ते लपवायची तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देवघरामागं. ती मीटिंगला जायला लागली ती मी जायच्या आधी चार महिने. एक दिवस तिनं लपवणं बंद केलं, माझ्या साहेबाला "यांना ताप आलाय" असं खोटं सांगणंही बंद केलं. मला तिचा इतका राग पूर्वी कधीच आला नव्हता. मी हलायला लागलो तो तेव्हापासून. जवळ अल-अनॉनचा ग्रुप नसेल तर ऑनलाइन बसता येतं, किंवा ओपन मीटिंगला नवऱ्यासोबत, नवऱ्याशिवायही, जाऊन बसावं.

पिणाऱ्या बाईचं अवघड आहे. पुरुष पितो तर "नाद लागला" म्हणतात, बाईला काय म्हणतात ते लिहायला नको. ताई, फोनवर पहिलाच प्रश्न "तुमच्यात बाई सदस्य आहे का, तिचा नंबर द्या" हा विचारा. सोलापुरात नसेल तर दुसऱ्या गावची चालेल, बोलणं फोनवरच होतं. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे. पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी एकटीनं जाऊ नका, बहिणीला, मैत्रिणीला सोबत न्या. ओपन मीटिंग त्यासाठीच विचारायची.

कॅलेंडर बघून ठेवा

मीटिंग मिळाल्यावर पहिल्या वर्षात काही दिवस वाकडे येतात. जानेवारीत गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजाच्या मिरवणुकीनंतरची रात्र. आषाढातली गटारी. गणपती विसर्जन. वरातीत डॉल्बीपुढं नाचणारे मित्र. 31 डिसेंबर. आणि पगाराचा दिवस, जो दर महिन्याला येतो आणि कुठल्याच कॅलेंडरवर लाल नसतो. पगाराच्या दिवशी मी पहिली दोन वर्षं पैसे फोल्डिंगवाल्या माणसाकडे द्यायचो. तो माझ्या घरी नेऊन द्यायचा, मी मागून चालत जायचो.

भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांतलं एक जरी असलं तरी पहिला घोट जवळ येतो. पोट भरलेलं असू द्या. लग्नात उशिरा जा, लवकर निघा, हातात सोड्याचा ग्लास भरलेला ठेवा, म्हणजे दुसरा कुणी भरत नाही. शेंगाचटणी आणि कांद्याची ताटली बघून माझ्या हाताला अजून ग्लास आठवतो. म्हणून घरी शेंगाचटणी दह्याबरोबर, कडक भाकरीवर. ती चव वेगळी लागली की जुनी आठवण गोंधळते.

पुन्हा प्यालात तर? प्यालात तर दुसऱ्या दिवशी या. आठवडाभरानं, तोंड दाखवायला बरं वाटेल तेव्हा येतो म्हणणारे बहुतेक वर्षभरानं येतात, काही येतच नाहीत. हॉलमध्ये कुणी "आलास का परत?" म्हणत नाही. खुर्ची सरकवतात, चहा देतात. मोजणी परत एकपासून सुरू होते, शिकलेलं मात्र पुसलं जात नाही.

शहरात तुमच्या भागात ग्रुप नसेल तर एवढं लक्षात ठेवा, दोन-तीन मद्यपी दारू सोडायच्या इराद्यानं एकत्र बसले की तो ग्रुप म्हणवू शकतो. हॉल, फलक, थर्मास नंतर येतात. आमचा ग्रुप सुरुवातीचे दोन महिने एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये, पोत्यांवर बसून चालला.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक ड्युटी असते. मीटिंगच्या आधी वीस मिनिटं एक जण फाटकाबाहेर उभा राहतो, हातात पिशवी, जणू कुणाची वाट बघतोय. स्कूटर घेऊन तीनदा समोरून जाणारा माणूस चौथ्यांदा आला की त्याला नुसता हात करायचा. नाव विचारायचं नाही. गुरुवारी माझी पाळी असते.